राखेच्या रेघेवरचा पहिला पाय

माझ्या नावानं छापून आलेल्या एका लेखात एक वाक्य खोटं आहे. ते कोणतं, हे उघड करण्यात ज्याचा फायदा होता असा एकच माणूस होता. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. मीही नाही – बायकोला नाही, ज्या संपादकांनी लेख छापला त्यांना नाही, मित्राजवळ बसून मन मोकळं करावं असं वाटलं तेव्हाही नाही. तो माणूस आता हयात नाही. म्हणजे न सांगितलं तरी चालेल. इतकी वर्षं चाललंच आहे.

बातमीत सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या ओळीत द्यायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. नव्या मुलांना मीही तेच शिकवतो. इथं मात्र मला ते जमत नाहीये. बघा, एक परिच्छेद होत आला आणि मुद्दा अजून आलेला नाही. निदान क्रमानं तरी सांगतो.

दिवाळीच्या तोंडावर सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या पुढं एका वळणावर, खाद्यतेलाच्या डब्यांचा ट्रक उलटला आणि लोकांनी तो लुटला. बातमी एवढीच होती. दुसऱ्या दिवशी जिल्हा आवृत्तीत ती माझ्या फोटोंसह आली. त्यानंतरच्या रविवारी पुरवणीत मी त्यावर लेख लिहिला आणि त्या लेखात एक तत्त्वज्ञ आणला.

सतराव्या शतकातला इंग्रज माणूस. त्याच्या देशात यादवी माजली होती, प्रजेनं राजाचा शिरच्छेद केला होता, आणि हा परदेशात बसून माणसाचा विचार करत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. माणसं ताकदीत जवळजवळ सारखी असतात. अगदी दुबळा माणूससुद्धा झोपेतल्या पैलवानाला मारू शकतो. म्हणून प्रत्येकाला प्रत्येकाची भीती. वर कुणी नसेल तर जो तो आधी हात उचलणार, कारण दुसरा उचलेल ही धास्ती. या धास्तीला कंटाळून माणसं आपले हक्क एका सत्तेच्या हाती सोपवतात आणि तिच्या भीतीनं नीट वागतात. सत्ता बाजूला काढा – शेती राहणार नाही, व्यापार राहणार नाही, काही राहणार नाही.

एम.ए.ला हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पुढं बातमीदारीत रोज त्याचे दाखले दिसू लागले. बांधावरून कुऱ्हाडी चालतात, विहिरीच्या पाळीवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. मला ते म्हणणं पटलं होतं, आणि ट्रकच्या निमित्तानं ते मी चांगलं मांडलं. लेख गाजला. पोलिसांची गाडी यायला उशीर झाला आणि तेवढ्या वेळात साधीसुधी शेतकरी माणसं काय झाली, असा त्याचा रोख होता. त्याची कात्रणं महाविद्यालयांच्या फलकांवर लागली. त्या लेखामुळे मला दैनिकाच्या जिल्हा कचेरीत बढतीवर बोलावलं गेलं, हे कुणी स्पष्ट म्हणालं नाही. पण तसंच होतं.

अजूनही मला त्या तत्त्वज्ञावर बोलायला बोलावतात. गेल्या महिन्यात असंच एका महाविद्यालयात गेलो होतो. भाषण झालं, नेहमीप्रमाणे मी ट्रकचा दाखला दिला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, आमी सास्तूरचे. भूकंपाचं आजोबा सांगतेत. सरकार पोचायच्या आधी लोकांनी हातानं माती उपसून माणसं काढली, असंबी सांगतेत. आन् काहींनी मेलेल्याच्या अंगावरचं काढून नेलं, असंबी सांगतेत. तर तुमच्या ट्रकपाशी पोलीस यायच्या आधी काय झालं, ते विचारायचं होतं."

साधा प्रश्न. लेख छापताना कुणाही उपसंपादकानं विचारायला हवा होता असा. तो कुणी विचारला नव्हता.

"मी पोचलो तेव्हा लूट सुरू झाली होती," मी म्हणालो.

"बरं सर," म्हणून ती बसली.

हेच ते वाक्य. लेखात दुसऱ्या परिच्छेदात आहे. मी पोचलो तेव्हा लूट सुरू झालेली नव्हती.

मी सकाळी मोटरसायकलवरून उमरग्याला एका बैठकीच्या बातमीसाठी निघालो होतो. वळणावर आलो तेव्हा ट्रक नुकताच आडवा झाला होता. चाक अजून फिरत होतं, असं लिहायचा मोह होतो. फिरत नव्हतं.

त्या वळणावरच रज्जाकमामूंचा ढाबा होता. उंच, काटकुळा माणूस, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांसाठी ट्रकवाले तिथं थांबायचे. येता-जाता मीही चहाला थांबायचो. मला पाहिलं की मामू लांबूनच विचारायचे, "या बातमीदार, आज कोण मेलं?" मीही काहीतरी उत्तर द्यायचो. आमची ओळख ही अशी – थट्टेची, रोजची, पक्की.

त्या दिवशी त्यांनी हा प्रश्न विचारला नाही. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला होता, पाय दबलेला, शुद्ध हरपत चाललेली. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. आजूबाजूच्या रानातून माणसं, बायका धावत आल्या होत्या. डबे रस्त्याच्या कडेला विखुरलेले, काही फुटलेले, तेलाचा ओघळ चारीत चाललेला. एक तरुण पोरगा म्हणाला, "मामू, फुटक्यातलं तरी भरून घिऊ द्या की. वाया चाललंय."

"तुजा बाप त्या केबिनीत असता तर तेल भरत बसला असतास व्हय?" मामू म्हणाले. "पयले माणूस. डब्याला हात लावायचा न्हाय."

पोरगा पहार आणायला पळाला. इतरांनी विखुरलेले डबे गोळा करून एका जागी लावले. मग मामूंनी भट्टीतली राख घमेल्यात भरून आणली आणि त्या डब्यांभोवती मोठ्या गोलात रेघ ओढली.

त्या भागातल्या वाचकाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. खळ्यावर मळलेली रास रात्रभर उघड्यावर ठेवावी लागली तर जुनी माणसं तिच्याभोवती राखेची रेघ ओढतात आणि घरी जाऊन झोपतात. राखणदार नसतो. कुणी ओलांडली तर राखेत पाऊल उमटतं, सकाळी दिसतं. बस्, एवढंच. त्याला दंड नाही, शिक्षा नाही. तरी लोक ओलांडत नाहीत. का ओलांडत नाहीत, हे मी कुणाला कधी विचारलं नाही. लेखात तर या रेघेचा उल्लेखही नाही.

हौसाबाई नावाची एक म्हातारी कापणी सोडून आली होती. ती रेघेच्या कडेला मांडीवर विळा घेऊन बसली. "बसते मी हितं. बघू कोन येतंय," म्हणाली. कुणीतरी तिची थट्टा केली, "आज्जी, तुमीच न्याल की पदराखाली." ती म्हणाली, "मला न्ह्यायचा असता तर तुला दिसला असता व्हय रं?" लोक हसले. मीही हसलो.

पहारीनं, ट्रॅक्टरच्या साखळीनं, शेवटी हातांनी पत्रा वाकवून ड्रायव्हरला बाहेर काढलं. मामूंच्या हाताला पत्रा लागून रक्त येत होतं. ड्रायव्हरला एका जीपमध्ये घालून सोलापूरला पाठवलं. तो वाचला, पण शुद्धीवर नव्हता. तिथं कोण होतं, कुणी काय केलं, हे त्याला पुढं सांगता येण्यासारखं नव्हतं.

मग सगळे थांबून राहिले. दिवाळी आली होती. ज्यांच्या घरात तेल मापानं येतं अशी माणसं. समोर उघड्यावर तेलाचे डबे, मध्ये राखेची एक रेघ, आणि पोलीस कुठंच नाहीत. चांगला तासभर गेला असेल. कुणी बिडी ओढली, कुणी मामूंनी दिलेला चहा प्यायला. रेघ तशीच होती.

हे सगळं मी पाहिलं. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. त्या सबंध वेळात मी एकही फोटो काढला नाही. काही घडतच नव्हतं ना – मग फोटो कशाचा काढायचा?

मग पोलिसांची गाडी आली. कोणत्या ठाण्याची ते लिहीत नाही, जमादाराचं नावही लिहीत नाही. हा कबुलीजबाब माझा आहे, त्याचा नाही. पण तो माझ्यासाठी कोण होता, हे सांगायला हवं. माझ्या गुन्हेवृत्तातली प्रत्येक ओळ त्याच्याकडून यायची. सकाळी मी फोन करायचो, तो सांगायचा, मी लिहायचो. तो सांगेल तसं. आमच्याकडे काम असंच चालतं. त्यानं फोन उचलणं बंद केलं असतं तर दुसऱ्या दैनिकाच्या बातमीदाराकडे बातम्या गेल्या असत्या आणि पानावरची माझी जागा रिकामी राहिली असती.

त्यानं उतरून सगळीकडे नजर फिरवली. "काय मामू, रास मळली का?" म्हणाला. लोक हसले. मामूही हसले. त्यांना हायसं वाटलं असणार. माल ज्याच्या ताब्यात द्यायचा तो माणूस आला होता.

जमादार माझ्याजवळ आला. आवाज खाली घेतला, पण फार नाही. "पत्रकार, दिवाळी आली. एक उचला. पंचनाम्यात फुटक्यात दाखवतो."

मी हसून टाळलं. म्हणजे, टाळायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "का वो, आमच्या हातचं चालत न्हाय का?"

आता इथं मी थांबतो, कारण इतकी वर्षं मी इथंच थांबत आलो आहे. नाही म्हणता आलं असतं? आलं असतं. तो काही करणार होता का? कदाचित एक-दोन दिवस फोन उचलला नसता. त्या डब्याची मला गरज होती का? नव्हती. घरात तेल होतं. मग?

मला त्याची भीती वाटली. तेवढीच, एका नाराज चेहऱ्याएवढी.

मी रेघ ओलांडली. पायात बूट होते. डबा उचलला, परत येताना पुन्हा राखेवरून आलो, आणि तो मोटरसायकलच्या टाकीवर ठेवला. मागं वळून पाहिलं तेव्हा सगळी माणसं माझ्याकडे बघत नव्हती. ती राखेकडे बघत होती. बुटाची पूर्ण खूण उमटली होती, टाचेसकट.

हौसाबाई म्हणाली, "साहेबांनीच वलांडली की."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाऊस थांबला, असं सांगावं तसं ती बोलली. मग ती विळा कमरेला खोचून उठली आणि जवळचा डबा तिनं डोक्यावर घेतला.

नंतरचं तुम्ही फोटोत पाहिलं असेल. एकमेकांना ढकलणारी माणसं, पदरात डबा धरून पळणारी बाई, तेलावर घसरून पडलेला म्हातारा. पहार आणायला पळालेला तो पोरगाही एका फोटोत आहे. दोन्ही हातांत डबे. मामू हात पसरून मध्ये उभे होते, "अरे नका, अरे दम धरा" म्हणत. त्यांचा फोटो मी काढला नाही. जमादार थोडा वेळ बघत राहिला, मग लाठी घेऊन धावला. मी भराभर फोटो काढत होतो. फोटो उत्तम आले.

पांगापांग झाल्यावर मामूंनी उरलेले डबे उचलून ढाब्याच्या कोठीत नेऊन ठेवले. मालक येईल, त्याच्या हवाली करू, म्हणून. दुपारी तपासाला निघालेल्या पोलिसांना ते तिथं सापडले. बाकीचे सगळे पळाले होते, त्यांना शोधावं लागलं असतं. मामू जागेवर होते. संध्याकाळी जमादारानं फोनवर सांगितलं आणि मी लिहिलं: ढाबाचालकाच्या कोठीतून मुद्देमाल जप्त, ढाबाचालक अटकेत. पूर्ण नावासह. ते नाव वाचून बऱ्याच वाचकांना पुढं काही विचारावंसं वाटणार नाही, हे मला लिहितानाच माहीत होतं. आणि रविवारी मी माणसाच्या स्वभावावर लेख लिहिला.

त्या तत्त्वज्ञाला मी खोटं पाडायला बसलेलो नाही. माणूस मुळात चांगला असतो, असंही मला म्हणायचं नाही. त्या मुलीच्या आजोबांनी दोन्ही पाहिलं होतं, मीही दोन्ही पाहिलं, एकाच सकाळी. पण सत्तेच्या भीतीनं वागणारा माणूस त्यानं जसा रंगवला आहे, तसा त्या सकाळी तिथं एक होता. त्यानंच नंतर लेख लिहिला.

जामिनावर सुटल्यावर मामू माझ्याकडे आले. कचेरीत खुर्ची दिली, बसले नाहीत. कोण मेलं, असं विचारलं नाही. हाताची जखम भरत आली होती.

"भाऊ, तुमी व्हते ना तितं," ते म्हणाले. "रेघ बघितली, लोकं उभी व्हती ते बघितलं. तेवढंच ल्ह्या. तुमच्या डब्याचं मी कुणाला बोललो न्हाय. वकिलालाबी न्हाय. बोलणारबी न्हाय."

ही धमकी नव्हती. सौदाही नव्हता. ते मला धीर देत होते.

मी म्हणालो, "मामू, मी उशिरा पोचलो होतो."

मी टेबलावरचे कागद नीट केले. ते म्हणाले, "व्हय. उशिराच आलते तुमी." आणि टोपी सारखी करून गेले.

त्यांनी शब्द पाळला. त्यांच्या मागं ना पोलीस होते, ना कायदा, ना माझी भीती. उलट मला अडकवलं असतं तर त्यांचाच फायदा होता. तरी शेवटपर्यंत त्यांनी तो शब्द पाळला. माझ्या तत्त्वज्ञानात याला जागा कुठं आहे, हे मला सापडलेलं नाही.

खटला वर्षानुवर्षं चालला. ट्रकवाले थांबेनात, मग ढाबा बंद झाला. मामू दुसऱ्यांच्या ढाब्यांवर भाकऱ्या थापायला जायचे. शेवटी पुराव्याअभावी ते निर्दोष सुटले. त्याची बातमी आमच्या न्यायालयाच्या बातमीदारानं पाठवली होती. चार ओळी. तेव्हा मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. कोणती बातमी पानावर घ्यायची, कोणती ठेवायची, हे माझ्या हातात होतं. ती बातमी माझ्यासमोर आली. मी नाव वाचलं आणि ती काढून टाकली. शेजारच्यानं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर जागा नाही, असं सांगितलं असतं. त्या दिवशी पानावर एका दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो दोन कॉलम मोठा करून लावावा लागला होता, इतकी जागा होती.

त्यामुळे ते सुटले, हे फारसं कुणाला कळलंच नाही. अटक सगळ्यांनी वाचली होती. त्या वळणाला अजून तेलचोराचं वळण म्हणतात. वडाप जीपवाले तसंच ओरडतात, "चला, तेलचोराचं वळण कोण उतरणार?" मामूंच्या मुलीचं सासर त्याच वाटेवर आहे. ती माहेरी येते तेव्हा तिथंच उतरते. परवा एकदा मी त्याच जीपमध्ये होतो. तिनं मला ओळखलं नाही. ड्रायव्हर ओरडला, ती पिशवी घेऊन उतरली.

मामू गेले तेव्हा मी मातीला गेलो नाही.

राहिला तो डबा. त्या दिवशी तो घरी नेला. बायकोनं विचारलं, कुठून आणला? मी म्हणालो, कचेरीतून मिळाला, दिवाळीचा. ती खूश झाली. पहिल्यांदाच कचेरीनं काही दिलं होतं. चकल्या, शंकरपाळे, अनारसे सगळं त्यातच तळलं. आमच्याकडून दर दिवाळीला फराळाचं एक ताट रज्जाकमामूंच्या ढाब्यावर जायचं, आणि ईदेला तिकडून शीरखुर्मा यायचा. त्या वर्षीही बायकोनं ताट वाढलं, वर रुमाल झाकला आणि माझ्या हातात दिलं.

ते घेऊन मी निघालो. मामू तेव्हा कोठडीत होते; घरी मी ते सांगितलं नव्हतं. ताट मी जमादाराच्या घरी दिलं.